सहा आउटपुट भरले, अजून दहा हवेत: कार्ड घेण्याआधी वायरिंगकडे बघा

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. ८ इनपुट, ६ रिले आउटपुटचा छोटा पीएलसी (मशीन चालवणारा कंट्रोलर) आहे आणि सहाही आउटपुट भरलेत: दोन मोटर, दोन सोलेनॉइड व्हॉल्व्ह, 'ऑटो' आणि 'सायकल पूर्ण' असे दोन दिवे. आता स्टार-डेल्टावर (आधी स्टार जोडणीत सुरू होऊन मग डेल्टात जाणारी, त्यामुळे तीन कॉन्टॅक्टर लागणारी) तिसरी मोटर, क्लॅम्पसाठी दोन कॉइलचा डबल सोलेनॉइड व्हॉल्व्ह, तिन्ही मोटरचे 'चालू' दिवे, एक फॉल्टचा दिवा आणि हूटर हवाय. तुम्ही हिशेब केलाय १० आउटपुटचा. कंपनीचं एक्स्पान्शन मॉड्यूल परवडत नाही, म्हणून आरएस-४८५ वर (सीरियल केबलवर) चालणारं स्वस्त रिले कार्ड लावू का, असं विचारताय.

लावा, पण आधी त्या दहाचे किती उरतात ते बघू.

'मोटर चालू' दिव्याला पीएलसीचा आउटपुट कशाला? कॉन्टॅक्टरच्या (मोटरची वीज जोडणाऱ्या मोठ्या रिलेच्या) ऑक्झिलरी एनओ कॉन्टॅक्टवरून (एरवी उघडा, कॉन्टॅक्टर ओढला की जुळणारा) दिवा घ्या. तीन आउटपुट तिथेच वाचले, आणि दिवाही जास्त खरं बोलतो. पीएलसीने हुकूम दिला म्हणून नाही, कॉन्टॅक्टर खरोखर ओढला गेला म्हणून तो पेटतो. ट्रिपचा दिवा पुढेमागे लागलाच तर ओव्हरलोड रिलेचा ९७-९८ कॉन्टॅक्ट रिकामाच असतो. स्टार-डेल्टाचे तीन कॉन्टॅक्टर थेट पीएलसीतून चालवण्यात काही मोठेपणा नाही. स्टार-डेल्टा टायमर बसवा आणि पीएलसीने फक्त 'मोटर चालव' एवढं सांगावं. स्टार आणि डेल्टामधला इंटरलॉक (दोन्ही एकदम लागू न देणारी अडवणूक) तसाही कॉन्टॅक्टरच्या एनसी (एरवी जुळलेल्या) कॉन्टॅक्टमधून वायरिंगमध्ये हवाच, नुसता लॅडरमध्ये (पीएलसीच्या प्रोग्राममध्ये) असून भागत नाही.

म्हणजे दहाचे पाच झाले: मोटर, व्हॉल्व्हच्या दोन कॉइल, फॉल्टचा दिवा, हूटर.

आता खरा मुद्दा. स्वस्त कार्डाचे रिले कमी प्रतीचे असतात ही तक्रार सगळे करतात, पण मला त्याची तेवढी काळजी नाही. काळजी याची की केबल तुटली किंवा पीएलसी स्टॉपला गेला, तर यातली बरीच कार्डं शेवटची स्थिती तशीच धरून बसतात. पीएलसीचे स्वतःचे आउटपुट स्टॉपमध्ये सहसा बंद होतात, कार्डाला मात्र पीएलसी थांबल्याचा पत्ताच नसतो. म्हणून प्रत्येक आउटपुटला एकच प्रश्न विचारा: हा चालूच राहिला तर काय होईल? दिवा पेटत राहिला, हूटर कोकलत राहिला तर फार तर कोणीतरी वैतागेल. मोटर चालत राहिली तर हात जाईल.

त्यामुळे नवीन वस्तू नव्या कार्डावर, हा सरधोपट विचार सोडा आणि अदलाबदल करा. जुने दोन दिवे कार्डावर ढकला. रिकाम्या झालेल्या दोनपैकी एका आउटपुटवर नवी मोटर घ्या. दुसरा कशाला वापरायचा ते व्हॉल्व्हवर अवलंबून आहे. सिंगल सोलेनॉइड, स्प्रिंग रिटर्न चालत असेल तर एकच कॉइल राहते आणि ती तिथे बसते. कार्डावर फक्त तीन दिवे आणि हूटर उरतात. पण तुमचं क्लॅम्पचं काम आहे. वीज गेल्यावर स्प्रिंगने क्लॅम्प उघडला आणि जॉब सुटला तर चालणार नाही, म्हणून डबल सोलेनॉइडच ठेवा. मग दोन्ही कॉइल कार्डावर जातील आणि तो उरलेला आउटपुट पहारेकरी होईल.

पहारेकरी म्हणजे असं: त्या आउटपुटवर एक इंटरफेस रिले घ्या आणि कार्डामार्फत व्हॉल्व्हला जाणारा २४ व्होल्ट सप्लाय त्याच्या एनओ कॉन्टॅक्टमधून न्या. लॅडरमध्ये कार्डाचं उत्तर दोन सेकंद आलं नाही की तो आउटपुट बंद. पीएलसी स्टॉप झाला तरी बंद. डबल सोलेनॉइड तेव्हा आहे त्या जागी थांबतो, क्लॅम्पला तेच हवं. संपर्क परत आला की घाई नको. कार्डाशी बोलायची भाषा मॉडबस, तिच्यात कार्डाच्या प्रत्येक रिलेला कॉइल म्हणतात. आधी या सगळ्या कॉइलना शून्य लिहा, फंक्शन ०१ (वाचायचा हुकूम) ने वाचून खात्री करा, मगच सप्लाय सोडा. नाहीतर कार्डाच्या पोटातली जुनी स्थिती अचानक जिवंत होते. इमर्जन्सी स्टॉप या सगळ्याच्या बाहेर, थेट वायरिंगमध्ये. त्यावर चर्चा नको.

मॉडबसबद्दल. पीएलसीचा आरएस-४८५ पोर्ट एचएमआयने (ऑपरेटरच्या स्क्रीनने) अडवला आहे का, हे आधी तपासा. तिथे एचएमआय मास्टर (विचारणारा) आणि पीएलसी स्लेव्ह (फक्त उत्तर देणारा) असेल, तर त्याच पोर्टवरून पीएलसी कार्डाला हुकूम देऊ शकणार नाही. आठ रिले एकेक करून फंक्शन ०५ ने लिहू नका, १५ ने एका फ्रेममध्ये (एकाच संदेशात) लिहा. ९६०० बॉडला ८ कॉइलसाठी जायचे १० बाइट, यायचे ८ बाइट, म्हणजे साधारण १९ मिलिसेकंद आणि मधली शांतता. ०५ ने आठ वेळा गेलात तर सातपटीहून जास्त वेळ जातो. काही कार्डांना १५ कळतच नाही, घेण्याआधी मॅन्युअल उघडून बघा. मॅन्युअलमधली कॉइल १ म्हणजे वायरवर पत्ता ० असतो. पहिला रिले सोडून दुसराच वाजायला लागला तर शंका इथेच घ्या. लाइनच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर आणि दोन डेटा वायरबरोबर कॉमनची तिसरी वायर.

कार्डाला सप्लाय पीएलसीच्या सेन्सरसाठीच्या २४ व्होल्टमधून देऊ नका, तो तेवढ्यासाठी नसतो. वेगळा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) घ्या. रिलेवर छापलेले १० अँपिअर रेझिस्टिव्ह (हीटरसारख्या) लोडचे असतात, कॉइलचे नाही. डीसी कॉइलवर उलटा डायोड, एसी कॉइलवर आरसी स्नबर लावला नाहीत तर कॉन्टॅक्ट लवकर चिकटतील.

७४एचसी५९५ शिफ्ट रजिस्टरचं (क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकेक बिट आत सरकवून बरेच आउटपुट देणारी चिप) कोणीतरी सुचवेलच, त्यात तीन आउटपुटवर हवे तेवढे मिळतात. तुमच्याकडे रिले आउटपुट आहेत, म्हणजे ते बाद. क्लॉकच्या टकटकीत रिले काही दिवसांत संपेल. ट्रान्झिस्टर आउटपुट असता तरी २४ व्होल्टचं ५ व्होल्ट करा, १० मिलिसेकंद स्कॅनला (प्रोग्रामच्या एका फेरीला), बिटामागे दोन स्कॅन धरून, १६ बिट ढकलायला ३२० मिलिसेकंद मोजा, आणि शेजारी कॉन्टॅक्टर सुटला की एखादा खोटा क्लॉक जाऊन सगळी रांग एक घर सरकते. घरी टेबलावर मजा आहे, पॅनेलमध्ये नको.

बजेट थोडं ताणता येत असेल तर रिले कार्डाऐवजी दुसरा एखादा साधा पीएलसी स्लेव्ह म्हणून लावा. त्यात स्वतःचा प्रोग्राम असतो, त्यामुळे 'मास्टर एक सेकंद बोलला नाही तर सगळं बंद' हे तिथेच लिहिता येतं आणि पहारेकरी आउटपुट मोकळा होतो. चार-सहा इनपुटही पदरात पडतात. मशीन गिऱ्हाइकाकडे जाणार असेल आणि दुरुस्तीला दुसरंच कोणी बसणार असेल, तर मात्र पैसे गोळा करून कंपनीचंच मॉड्यूल घ्या.

पीएलसीचा मॉडेल नंबर आणि एचएमआय कोणत्या पोर्टवर आहे ते लिहा, मास्टरची लॅडर कशी बांधायची ते सांगतो.