जुन्या फाइल्स आपोआप काढून टाकण्याची व्यवस्था

प्रश्न : माझ्या संगणकाची सी ड्राइव्ह वरचेवर भरते. शिवाय हिशेबाच्या सॉफ्टवेअरची रोजची बॅकअप फाइल डी ड्राइव्हवरील एका फोल्डरमध्ये साठत जाते. 30 दिवसांहून जुन्या फाइल्स आपोआप काढल्या जातील, अशी व्यवस्था विंडोजमध्ये करता येईल का?

उत्तर : करता येईल, परंतु या दोन अडचणींना एकच उपाय लागू पडत नाही. सी ड्राइव्हसाठी विंडोज 10 आणि 11 मध्ये ‘स्टोरेज सेन्स’ ही सोय आहे. सेटिंग्जमधील ‘सिस्टीम’ विभागात ‘स्टोरेज’ उघडल्यास ती चालू करता येते. तात्पुरत्या फाइल्स, तसेच रिसायकल बिनमध्ये 1, 14, 30 किंवा 60 दिवसांहून अधिक काळ पडून असलेल्या फाइल्स ती काढून टाकते. डाउनलोड्स फोल्डर साफ करण्याचा पर्याय मात्र मुळात बंद असतो आणि तो बंदच ठेवावा, असे मला वाटते. कारण पावत्या, प्रमाणपत्रे यांसारख्या पुन्हा मिळवायला त्रासदायक असलेल्या फाइल्स अनेकदा तिथेच राहून गेलेल्या असतात.

डी ड्राइव्हवरील फोल्डरसाठी विंडोजमधीलच ‘फॉरफाइल्स’ ही आज्ञा (ठरावीक दिवसांहून जुन्या फाइल्स निवडून त्यांवर आपण सांगू ती क्रिया करणारी) टास्क शेड्यूलरमध्ये, म्हणजे कामे आपोआप सुरू करणाऱ्या विंडोजच्या सोयीत, लावून ठरावीक वेळी चालवता येते. ही आज्ञा फाइलचे वय तिच्यात शेवटचा बदल झाला त्या तारखेवरून मोजते. फाइल दुसरीकडून कॉपी केली तरी ती तारीख बदलत नाही, त्यामुळे काल त्या फोल्डरमध्ये आणून ठेवलेली दोन वर्षांपूर्वीची फाइल आज रात्री पुसली जाऊ शकते. म्हणून त्या फोल्डरमध्ये बॅकअपखेरीज दुसरे काहीही ठेवू नये.

याहून मोठा धोका बॅकअपच्या बाबतीत आहे, आणि त्याकडे तुम्ही अवश्य लक्ष द्यावे. समजा, काही बिघाडामुळे नवीन बॅकअप तयार होणेच थांबले आणि ते कोणाच्या लक्षात आले नाही, तर जुन्या प्रती रोज एकेक करून पुसल्या जात राहतील आणि महिन्याभराने फोल्डरमध्ये एकही प्रत उरणार नाही. यासाठी दिवसांऐवजी प्रतींची संख्या ठरवणे अधिक सुरक्षित असते : शेवटच्या 30 प्रती राहाव्यात आणि नवी प्रत व्यवस्थित तयार झाल्यावरच सर्वांत जुनी काढली जावी. तुमच्या सॉफ्टवेअरच्या बॅकअप सेटिंगमध्ये असा पर्याय आहे का, हे आधी पाहा. असल्यास वेगळी आज्ञा लावण्याची गरजच नाही.

आज्ञाच वापरायची असेल, तर तिच्याद्वारे पुसलेल्या फाइल्स रिसायकल बिनमध्ये जात नाहीत, हे ध्यानात ठेवा. एसएसडीवर (फिरत्या तबकडीऐवजी चिपमध्ये माहिती साठवणाऱ्या ड्राइव्हवर) तर पुसलेली माहिती परत मिळण्याची शक्यता फारच कमी असते. तेव्हा पहिले काही दिवस पुसण्याऐवजी केवळ फाइल्सची नावे दाखवण्याची सूचना आज्ञेत द्यावी, ती यादी स्वतः तपासावी आणि मगच पुसण्याची सूचना घालावी.