वाचकांचे प्रश्न : चर्मोद्योगाच्या गावचा रग्बी क्लब

प्रश्न : अथणीत आमचे घराणे कोल्हापुरी चपलांच्या व्यवसायात आहे. माझा पुतण्या चर्मतंत्रज्ञान शिकण्यासाठी इंग्लंडमधील नॉर्थॅम्प्टन येथे गेला आहे. सामन्याच्या दिवशी तेथे काळ्या, हिरव्या आणि सोनेरी रंगांचे कपडे घातलेले लोक रग्बीच्या मैदानाकडे लोटतात आणि संघाला सगळे ‘सेंट्स’ म्हणतात, असे तो फोनवर सांगतो. हा क्लब कोणी काढला आणि बूट शिवणाऱ्या गावात फुटबॉल सोडून रग्बी कशी रुजली?
(एक वाचक, अथणी)

उत्तर : आपल्या पुतण्याने शिक्षणासाठी गाव अचूक निवडले आहे. नॉर्थॅम्प्टन हे इंग्लंडच्या मध्यभागी नेन नदीच्या काठी वसलेले शहर. गुरांचे बाजार, कातडे कमावण्यासाठी लागणारी ओक वृक्षाची साल आणि नदीचे पाणी या तिन्ही गोष्टी हाताशी असल्यामुळे तेथे मध्ययुगापासून चामड्याचे काम चालत आले. सतराव्या शतकातील यादवी युद्धात सैन्याला बूट पुरवण्याची मोठी कामे याच शहराला मिळाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घराघरांतून चालणारा हा व्यवसाय हळूहळू कारखान्यांत गेला. बाभळीची साल आणि हिरडा यांच्यावर ज्यांचा धंदा उभा राहिला, त्या अथणीकरांना कच्च्या मालाचे हे महत्त्व वेगळे सांगायला नको.

फुटबॉल सोडून रग्बी आली, असे मात्र झालेले नाही. शहराचा फुटबॉल क्लब १८९७ मध्ये निघाला आणि शहराच्या व्यवसायावरून त्याला आजही ‘कॉबलर्स’ म्हणतात. रग्बी क्लब त्याच्या सतरा वर्षे आधीचा, म्हणजे १८८० चा आहे. सेंट जेम्स चर्चचे साहाय्यक धर्मगुरू रेव्हरंड सॅम्युअल वॉथेन विग यांनी आपल्या वस्तीतील दांडगट मुलांच्या अंगातील रग योग्य मार्गाला लागावी म्हणून हा क्लब काढला आणि त्याला ‘नॉर्थॅम्प्टन सेंट जेम्स’ हे चर्चचेच नाव दिले. त्यावरूनच ‘सेंट्स’ आणि जुन्या लोकांच्या तोंडी असलेले ‘जिमीज’ ही दोन्ही टोपणनावे पडली. आपल्याकडे तालमीत मारुतीची मूर्ती असते आणि व्यायामाइतकाच शिस्तीवर वस्तादांचा कटाक्ष असतो. त्या काळातील इंग्लिश धर्मगुरूंचा विचार याहून फारसा निराळा नव्हता. लिव्हरपूलचा एव्हर्टन आणि बर्मिंगहॅमचा ॲस्टन व्हिला हे प्रसिद्ध फुटबॉल क्लबही अशाच प्रार्थनामंदिरांच्या आश्रयाने जन्मले.

क्लबचे मैदान ‘फ्रँकलिन्स गार्डन्स’ या नावाने ओळखले जाते. जॉन फ्रँकलिन नावाच्या हॉटेलमालकाने विकत घेतलेली ही मुळातील सार्वजनिक करमणुकीची बाग होती. एकोणिसाव्या शतकात तेथे आलेला क्लब आजतागायत तेथेच आहे, आणि सुमारे पंधरा हजार प्रेक्षकांचे आजचे क्रीडागार त्याच जागी उभे राहिले आहे. इंग्लंडमधील किती तरी जुन्या क्लबांना जमिनीच्या वाढत्या किमतींमुळे मूळ गाव सोडावे लागले. सेंट्सना ते सोडावे लागले नाही, ही गोष्ट माझ्या मते त्यांच्या अनेक विजयांपेक्षा मोठी आहे.

आता ‘युनियन’ या शब्दाविषयी, कारण तो पुतण्याच्या बोलण्यात वारंवार येत असेल. रग्बी फुटबॉल युनियन ही संघटना १८७१ मध्ये स्थापन झाली. खेळासाठी पैसा घेणे तिला मान्य नव्हते. उत्तरेकडील गिरण्यांत आणि खाणींत राबणाऱ्या खेळाडूंची शनिवारची मजुरी सामन्यामुळे बुडत असे आणि ती भरून देण्याची त्यांच्या क्लबांची मागणी संघटनेने फेटाळली. तेव्हा २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात जमलेल्या वीसहून अधिक क्लबांनी वेगळी चूल मांडली. पुढे त्यांच्या संघात पंधराऐवजी तेरा खेळाडू झाले, नियम बदलले आणि तो खेळ ‘रग्बी लीग’ म्हणून ओळखला जाऊ लागला. नॉर्थॅम्प्टन हे कामगारांचेच शहर असूनही लेस्टर, कॉव्हेंट्री या मध्य इंग्लंडमधील शेजाऱ्यांप्रमाणे युनियनमध्येच राहिले. त्यामुळे पुढची शंभर वर्षे सेंट्सचे खेळाडू खेळाचा पगार न घेता, आपापला पोटापाण्याचा व्यवसाय सांभाळून खेळत होते.

त्या हौशी काळातही संघ दुबळा नव्हता. डिकी जीप्स हे सेंट्सचे खेळाडू इंग्लंडकडून एकही सामना खेळलेले नसताना १९५५ च्या दक्षिण आफ्रिका दौऱ्यासाठी ब्रिटिश बेटांच्या संयुक्त ‘लायन्स’ संघात निवडले गेले आणि चारही कसोटी सामने खेळले. त्याच दौऱ्यावर त्यांचे सहकारी जेफ बटरफील्ड यांनीही नाव कमावले. दीर्घकाळ सेंट्सकडून खेळलेले डॉन व्हाइट हे १९६९ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे पहिले प्रशिक्षक झाले आणि त्यांच्या पहिल्याच सामन्यात इंग्लंडने दक्षिण आफ्रिकेला ११–८ असे हरवले.

प्रश्न : पहिल्या महायुद्धात एका इंग्लिश रग्बी कर्णधाराने खेळाडूंची स्वतःची कंपनी उभारली होती आणि तो चेंडूला लाथ मारून शत्रूवर चालून जात असे, असे आमच्या रेजिमेंटमधील एक जुने अधिकारी सांगत. हे खरे आहे काय? तो कोणत्या क्लबचा?
(एक निवृत्त सुभेदार, बेळगाव कॅम्प)

उत्तर : तो नॉर्थॅम्प्टनचाच. एडगर मॉब्स हे त्यांचे नाव. त्यांचा जन्म १८८२ मध्ये याच शहरात झाला. इंग्लंडकडून ते सात सामने खेळले. त्यातील पहिला १९०९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध होता आणि त्यात त्यांनी गुणही मिळवले. सेंट्सचे कर्णधारपद त्यांनी १९१३ पर्यंत सांभाळले.

युद्ध सुरू झाले तेव्हा त्यांचे वय बत्तीस होते आणि वयाच्या कारणावरून त्यांना अधिकारपद नाकारण्यात आले. मॉब्स यांनी साधा शिपाई म्हणून नाव नोंदवले आणि आपल्याबरोबर सुमारे अडीचशे लोक भरतीला आणले. त्यांत खेळाडूंचा भरणा मोठा होता. नॉर्थॅम्प्टनशायर रेजिमेंटच्या सातव्या पलटणीत या लोकांची वेगळी कंपनी झाली. ज्याला अधिकारी करण्यास सैन्याने नकार दिला होता, तो गृहस्थ अवघ्या दोन वर्षांत लेफ्टनंट कर्नल होऊन त्या संपूर्ण पलटणीचा प्रमुख झाला आणि त्याला ‘डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर’ हा सन्मान मिळाला. आपण सैन्यात हयात घालवली आहे, तेव्हा शिपायापासून पलटणीच्या प्रमुखापर्यंतची ही वाट किती दुर्मीळ आहे, हे आपणच अधिक चांगले जाणता.

३१ जुलै १९१७ रोजी, पाशनडेलच्या लढाईच्या पहिल्याच दिवशी, बेल्जियममधील झिलेबेक गावाजवळ शत्रूच्या मशीनगनवर चाल करताना ते मारले गेले. जखमी होऊन पडल्यावर त्यांनी त्या मशीनगनचा ठावठिकाणा कागदावर लिहून मागे पाठवण्याचा प्रयत्न केला, असे सांगितले जाते. त्यांचा देह सापडला नाही. ज्यांना थडगे मिळाले नाही अशा सैनिकांसाठी ईप्र शहरात उभारलेल्या मेनिन गेटवर त्यांचे नाव कोरलेले आहे. त्याच कमानीवर त्या आघाडीवर बेपत्ता झालेल्या भारतीय सैनिकांचीही नावे आहेत, हे आपल्याला ठाऊक असेलच.

चेंडूची गोष्ट मात्र मी जपून घेईन. मॉब्स हल्ल्याच्या आधी रग्बीचा चेंडू पुढे लाथाडत, ही कथा नॉर्थॅम्प्टनमध्ये मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. परंतु त्या युद्धात अन्य पलटणींनी फुटबॉल पुढे टाकून चाल केल्याच्या नोंदी प्रसिद्ध आहेत आणि एका वीराची गोष्ट दुसऱ्याला चिकटण्यास वेळ लागत नाही. त्यांच्या नावाचा स्मृतिसामना १९२१ मध्ये फ्रँकलिन्स गार्डन्सवर सुरू झाला आणि कित्येक दशके तेथे ‘ईस्ट मिडलंड्स’ हा त्या भागाचा संघ विरुद्ध ‘बार्बेरियन्स’ हा निमंत्रित खेळाडूंचा संघ असा रंगत असे. पुढे स्वरूप बदलले आणि आता ब्रिटिश लष्कराचा संघ त्यात खेळतो.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या कबड्डी संघाला गेल्या काही वर्षांत उतरती कळा लागली आहे. आपण या स्तंभात ज्या परदेशी क्लबांची माहिती देता, ते सगळे शंभर-दीडशे वर्षे चालतात तरी कसे? पैसा कोठून येतो?
(मंडळाचे एक कार्यकर्ते, निपाणी)

उत्तर : सगळे चालत नाहीत. इंग्लंडच्या सर्वोच्च साखळीतील वूस्टर आणि वॉस्प्स हे क्लब २०२२ मध्ये कर्जात बुडाले, आणि पुढच्या वर्षी लंडन आयरिशची तीच गत झाली. यांतील वॉस्प्सने दोन वेळा युरोपीय करंडक जिंकला होता. म्हणजे मैदानावरचे यश आणि तिजोरी यांचा संबंध वाटतो तितका सरळ नाही.

वरील दोन प्रश्नांच्या ओघात सेंट्सचाच विषय चालू आहे, तर त्यांचीच पडझड पाहू, कारण आपल्या मंडळाला त्यांच्या विजयांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. १९८७ पर्यंत इंग्लिश रग्बीत गुणतक्त्यावर चालणारी राष्ट्रीय साखळी स्पर्धाच नव्हती. क्लब आपसांत ठरवून सामने खेळत आणि जुन्या नावावर मोठेपण टिकून राही. साखळी सुरू झाली तेव्हा सेंट्स दुसऱ्या श्रेणीत होते आणि तेथेही तळाला गेले. झाकली मूठ उघडली. १९८८ मध्ये सुधारणा मागणाऱ्या सभासदांच्या एका गटाने जुन्या समितीकडून कारभार घेतला, प्रशिक्षणाची नीट व्यवस्था लावली आणि बाहेरून चांगले खेळाडू आणले. पुढे न्यूझीलंडचे माजी कर्णधार वेन शेलफर्डही तेथे खेळले. १९९० मध्ये संघ पहिल्या श्रेणीत आला आणि १९९१ मध्ये राष्ट्रीय करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचून जादा वेळेत हार्लेक्विन्सकडून हरला.

१९९५ मध्ये संघ पुन्हा खाली घसरला आणि नेमके त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने शंभर वर्षांची बंदी उठवून खेळाडूंना उघडपणे पैसे देण्यास परवानगी दिली. खालच्या श्रेणीतील क्लबाला पगारी खेळाडू पोसणे म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. कीथ बारवेल या स्थानिक उद्योजकाने त्या वेळी क्लबाच्या मागे पैसा उभा केला आणि पुढे चाहत्यांनाही शेअर विकून त्यांना मालकीत वाटा दिला. इयन मॅगीकन यांच्या प्रशिक्षणाखाली संघाने त्या हंगामात दुसऱ्या श्रेणीतील अठराच्या अठरा सामने जिंकले आणि प्रमुख खेळाडूंपैकी बहुतेक जण क्लब सोडून गेले नाहीत. तिकिटे, प्रायोजक, दूरचित्रवाणीचे हक्क आणि संघटनेचे अनुदान हे उत्पन्नाचे नेहमीचे मार्ग आहेतच. पण खेळाडूंचे पगार त्यांतून भागत नाहीत आणि बहुतेक इंग्लिश क्लबांना आजही एखाद्या धनिकाच्या खिशाचा आधार लागतो. सेंट्सचे वेगळेपण एवढेच, की त्यांच्याकडे धनिक गावचा होता आणि गावही त्याच्याबरोबर होते.

२००७ ची घसरण सर्वांत विचित्र. त्या हंगामात संघ युरोपीय करंडकाच्या उपान्त्य फेरीत पोहोचला आणि देशांतर्गत साखळीत मात्र शेवटचा येऊन खाली गेला. पुढच्या वर्षी त्यांनी साखळीतील तीसही सामने जिंकून परत जागा मिळवली. २०१४ मध्ये सेंट्स प्रथमच इंग्लंडचे विजेते झाले. सॅरासेन्सविरुद्धचा तो अंतिम सामना जादा वेळेत गेला आणि शंभराव्या मिनिटाला ॲलेक्स वॉलर यांनी मिळवलेले गुण पंचांनी चित्रफीत तपासून मान्य केले, तेव्हा २४–२० असा निकाल लागला. जून २०२४ मध्ये बाथला २५–२१ असे हरवून त्यांनी ते विजेतेपद पुन्हा घेतले. लहानपणापासून याच शहरात वाढलेले आणि इंग्लंडकडून शंभराहून अधिक सामने खेळलेले कोर्टनी लॉज यांचा हा सेंट्सकडून अखेरचा सामना ठरला.

प्रश्न : २००० साली सेंट्सनी ९–८ अशा फरकाने युरोपीय करंडक जिंकला, असे वाचले. रग्बीत एका गुणाचा फरक कसा पडतो?
(एक विद्यार्थिनी, खानापूर)

उत्तर : चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या रेषेपलीकडे नेऊन जमिनीला टेकवला की ‘ट्राय’ होते आणि तिचे पाच गुण मिळतात, त्यानंतर चेंडू गोलखांबांमधून मारला तर आणखी दोन. नियमभंगाबद्दल मिळालेल्या पेनल्टीचे तीन आणि खेळ चालू असताना मारलेल्या ड्रॉप गोलचेही तीन. त्या सामन्यात आयर्लंडच्या मन्स्टर संघाने एक ट्राय आणि एक ड्रॉप गोल करून आठ गुण मिळवले, परंतु ट्रायनंतरचे दोन गुण त्यांना साधता आले नाहीत. सेंट्सना एकही ट्राय करता आली नाही; त्यांचे नऊही गुण पॉल ग्रेसन यांनी मारलेल्या तीन पेनल्टींचे होते. शेवटच्या मिनिटांत मन्स्टरच्या रोनन ओगारा यांची पेनल्टी थोडक्यात खांबाबाहेर गेली आणि खांद्याची दुखापत घेऊन खेळणारे कर्णधार पॅट लॅम यांनी ट्विकनहॅमच्या मैदानावर करंडक उचलला.

तो करंडक त्यानंतर त्यांना मिळालेला नाही. २०११ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला २२–६ अशी आघाडी असूनही लेन्स्टरकडून ते ३३–२२ असे हरले आणि मे २०२५ मध्ये कार्डिफ येथे फ्रान्सच्या बोर्दो संघाने त्यांना २८–२० असे नमवले.