डोक्यातला आवाज मराठीत बोलतो, तर थेरपिस्टही मराठीच शोधा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : वय २६, मुक्काम निलंगा, चारचौघांत बोलायची वेळ आली की घशाला कोरड पडते, कुठेही गेलो तरी आपणच कमी आहोत असं वाटत राहतं. गावात कुणाकडे जायची सोय नाही, गेलो तर बोभाटा. इंग्रजी यथातथा. अशा वेळी ऑनलाइन थेरपिस्ट घ्यावा का, खरा कसा ओळखायचा आणि पैसे किती जातात?

घ्यावा. मी घेतला, सव्वा वर्ष. पण आधी एकदा हात पोळून घेतले, ते सांगते, म्हणजे तुमचे तरी पैसे वाचतील.

मी मूळची तासगावची, आता चिंचवडला एका इंजिनिअरिंग कंपनीत परचेसला आहे. एके दिवशी साहेबांनी माझं कोटेशनचं कंपॅरिझन हातात घेऊन विचारलं, "हे कुणी केलंय?" मी लगेच म्हणाले, "सॉरी सर." ते म्हणाले, "अहो, चांगलं केलंय, सगळ्यांना हाच फॉरमॅट द्या." टेबलाभोवतीचे सगळे हसले, मीही हसले. रात्री मात्र झोप लागेना. कौतुक करायच्या आधीच माफी मागणारी मी एकटीच तिथे होते. त्याच रात्री साडेअकराला मोबाइलवर एका अ‍ॅपची जाहिरात आली आणि मी आठ सेशनचं पॅकेज एकदम भरून टाकलं, कारण आठ घेतले तर सवलत होती.

पहिल्या दोन सेशनला एक मुलगी होती. स्वभावाने फार गोड, पण सगळं इंग्रजीत. इंग्रजी मला येतं, दिवसभर व्हेंडरांना मेल करते. पण मेल वेगळा आणि हे वेगळं. ती विचारायची, "हाऊ डझ दॅट मेक यू फील?" आणि मी म्हणायचे, "आय फील इनॅडिक्वेट." हा शब्द मी आयुष्यात कधी स्वतःला म्हटलेला नव्हता, कुठेतरी वाचलेला होता. पन्नास मिनिटांतली निम्मी वेळ वाक्यात काळ बरोबर आला का, याच धास्तीत जायची. चुकायच्या भीतीवर इलाज करायला गेले आणि तिथेही चुकायला भीत बसले! तिसऱ्या सेशनला कॅमेऱ्यावर दुसरीच बाई. पहिलीने अ‍ॅप सोडलं होतं. "तुमच्याबद्दल सांगा," म्हणाली. परत अथपासून. उरलेली पाच सेशन तशीच गेली, पैसे परत मिळाले नाहीत. म्हणून पहिला सल्ला : पॅकेज घेऊ नका. एका वेळी एका सेशनचे पैसे भरा आणि दर वेळी तोच माणूस भेटणार ना, हे आधी विचारा.

पुढे सहा-सात महिन्यांनी ओळखीतून एक बाई मिळाल्या. मूळच्या इचलकरंजीच्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, ऑनलाइन सेशन घेणाऱ्या. दुसऱ्याच भेटीत त्यांनी विचारलं, "चुकलं की तुम्ही स्वतःला मनात काय म्हणता? अर्थ नको, शब्द सांगा." मी जरा लाजतच सांगितलं, "तुझ्यानं काय हुतंय."

त्या खुदकन हसल्या. "हुतंयच ना? होतंय नाही?"

"हुतंय."

"कुणाचा आवाज आहे?"

हे मला कधी कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. आवाज दादांचा. म्हणजे माझ्या वडिलांचा. द्राक्षाचा बाग होता आमचा, मी चौथी-पाचवीत असताना पेट्या मोजायला बसायचे, आकडा चुकला की दादा म्हणायचे, तुझ्यानं काय हुतंय, सरक. बाईंनी पुढे विचारलं की हे ते फक्त तुम्हालाच म्हणायचे का. मी आठवून बघितलं. नाही. आईला म्हणायचे, चुलत्याला म्हणायचे, विहिरीवरची मोटार बंद पडली की मोटारीलाही म्हणायचे! शेवटची काही वर्षं गुडघ्यावर हात ठेवून उठताना स्वतःला म्हणायचे. एवढं सांगून मी कॅमेऱ्यासमोर हसतही होते आणि डोळेही पुसत होते. जे वाक्य मी पंचवीस वर्षं माझ्यावरचा शेरा म्हणून जपून ठेवलं होतं, ते दादा मोटारीला म्हणत होते.

आता हे इंग्रजीत कसं सांगितलं असतं मी? "माय फादर वॉज क्रिटिकल" असं काहीतरी. त्यात मोटार आलीच नसती.

तेव्हा तुमचं इंग्रजी यथातथा आहे ही अडचण समजू नका. आपल्याला कमी लेखणारा आवाज लहानपणीच्या बोलीत बोलतो, तो त्याच बोलीत पकडावा लागतो. तुमचा लातूरकडचा असेल, तर "काय करायलास रे" मधला टोमणा कळणारा माणूस शोधा. ऑनलाइनचा खरा फायदा हाच की तो माणूस नांदेडला असला काय, ठाण्याला असला काय, सारखंच.

आणि मराठीत हे काम नवीन नाही. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास आरईबीटी ही, त्रास देणारे अविवेकी विचार शोधून ते बदलायची पद्धत मांडली. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी त्यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती इकडे आणली, रुजवली. मराठीत तिला विवेकनिष्ठ उपचारपद्धती म्हणतात. ठाण्याची आयपीएच, डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली मानसिक आरोग्याची संस्था, याच विचारावर मराठीतून खूप काम करते. त्यांचे मराठी व्हिडिओ यूट्यूबवर फुकट आहेत, थेरपिस्ट मिळेपर्यंत ते ऐका.

एलिसचं एक म्हणणं मला सुरुवातीला पटलं नव्हतं. तो म्हणतो, आत्मसन्मान वाढवायच्या मागे लागूच नका. कारण स्वतःला चांगले मार्क दिले तरी तुम्ही स्वतःला मार्क देतच राहिलात, आणि उद्या तेच मार्क कापले जाणार. मार्क द्यायचे तर कामाला द्या, अख्ख्या माणसाला नको. याला ते विनाअट आत्मस्वीकार म्हणतात. मला वाटलं, ही तर पळवाट झाली, मग माणूस सुधारणार कसा? बाईंनी वाद घातला नाही. एक आठवडा वहीत लिहायला लावलं : चुकले तेव्हा "मी" ने सुरू होणारं वाक्य कोणतं आणि "हे काम" ने सुरू होणारं कोणतं. "मी बावळट" आणि "या शीटमध्ये जीएसटीचा कॉलम राहिला." दुसरं वाक्य लिहिलं की कॉलम भरता येतो. पहिल्याचं काय करणार?

म्हणून जो कुणी "१० दिवसांत आत्मविश्वास दुप्पट" म्हणतो त्याच्या वाटेला जाऊ नका. रीलवर टाळ्या वाजवणारे, कोट घातलेले लाइफ कोच चिक्कार आहेत.

आता खरा कसा ओळखायचा. आपल्याकडे "कौन्सेलर" ही पाटी कुणीही लावू शकतो, दोन आठवड्यांचा कोर्स करूनसुद्धा. सायकियाट्रिस्ट म्हणजे डॉक्टर, एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेले. गोळ्या लिहिण्याचा अधिकार त्यांना. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे गोळ्या न देता बोलून उपचार करणारे तज्ज्ञ, यांची नोंद रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडिया, म्हणजे आरसीआयकडे असते. त्याचा सीआरआर नंबर, म्हणजे नोंदणी क्रमांक, मागायचा आणि कौन्सिलच्या साइटवर नाव घालून बघायचं. विचारायला संकोच वाटेल, मला वाटला होता. पण माझ्या बाईंनी पहिल्याच मेसेजमध्ये नंबर पाठवला होता. जी व्यक्ती यावर चिडते तिला तिथेच नमस्कार करा. तिसरे कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट. यांची आरसीआयकडे नोंद नसते, म्हणून ते खोटे ठरत नाहीत, त्यांच्यात फार चांगले लोक आहेत. त्यांना मानसशास्त्रात एमए किंवा एमएस्सी कुठून केलं, किती वर्षं काम करतात आणि स्वतःच्या केसेसवर कुणा ज्येष्ठाचं मार्गदर्शन घेतात का, एवढं विचारा. तुमच्या-माझ्यासारख्या तक्रारीला बहुतेक वेळा असा माणूस पुरतो.

एक सोडून : झोप उडाली आहे, भूक मेली आहे, कशातच मन लागत नाही आणि असं दोन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर तो नुसता न्यूनगंड नसेल, नैराश्य असू शकतं. तेव्हा आधी सायकियाट्रिस्टला दाखवा. लातूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजला जा, फार खर्च येत नाही. मलाही बाईंनी आधी थायरॉइड आणि बी१२ तपासून घ्यायला पाठवलं होतं. मला राग आला होता, पण बी१२ कमी निघालं. आणि जगून काय करायचं असे विचार येत असतील, तर हे उत्तरही वाचत बसू नका, १४४१६ लावा. टेलिमानस, केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तसं टोकाचं काही नसलं तरी त्या नंबरवर फोन करता येतो. पहिल्यांदा कुणाशी तरी बोलून बघायचं म्हणून तो चांगला आहे.

पैसे. मी दर सेशनला १,२०० देत होते, पहिले दोन महिने दर आठवड्याला, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने. मोठ्या शहरातले नावाजलेले लोक याच्या दुप्पट घेतात, याहून कमी घेणारेही आहेत. बऱ्याच जणांकडे ऐपतीप्रमाणे फी कमी करायची सोय असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. तुमच्या-माझ्यासारख्याला नेमकं तेच विचारणं जड जातं, मला ठाऊक आहे. मुंबईच्या टिस (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर आणि ईमेलवर मोफत समुपदेशन करते, तिथून सुरुवात केली तरी चालेल. ऑफिसचा मेडिक्लेम असेल तर त्यावर फार विसंबू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने विमा कंपन्यांना मानसिक आजार वगळता येत नाहीत, पण दाखल न होता, ओपीडीतलं असं बोलणं-बसणं बहुतेक पॉलिसींमध्ये बसत नाही.

बोभाट्याचं म्हणाल तर त्याच कायद्यात गोपनीयतेचा हक्क दिलेला आहे. पण तुमची खरी भीती कायद्याची नाही, पलीकडच्या खोलीतल्या माणसाची आहे. आमचं दोन खोल्यांचं घर, सासूबाई घरात. मी रविवारी सकाळी साडेसातला गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसायचे, कानात इअरफोन. घरी सांगितलं होतं, ऑफिसचा कॉल. बाईंनी एक खूण ठरवून दिली होती : कुणी आलं की मी म्हणायचं, "रिपोर्ट उद्या पाठवते," आणि त्या लगेच जीएसटीवर बोलायला लागायच्या. दोनदा ती वापरली. तिसऱ्यांदा सासूबाई पापड वाळत घालायला आल्या आणि म्हणाल्या, "तुझं चालू दे बाई, ऑफिसात रडतात का कुणी?" पुढे त्यांना सगळं सांगितलं. आकाश कोसळलं नाही. तुमच्याकडे गच्ची नसेल तर शेतातलं, पार्किंगमधलं, कुठलंही नेटवर्क येणारं ठिकाण चालेल. नेट अडखळलं तर व्हिडिओ बंद करून नुसतं बोला, काही बिघडत नाही.

जमतंय की नाही हे कळायला तीन सेशन द्या. पहिल्यात नुसती माहितीच जाते. तिसऱ्यानंतर स्वतःला विचारा की मी इथे न सजवता बोललो का. नसाल बोललात तर बदला. "मला दुसरं कुणी बघायचंय" हे थेरपिस्टला सांगता येतं, त्यांना ते सवयीचं असतं. फक्त गुपचूप गायब होऊ नका, तोंडाने सांगा. आपल्यासारख्यांना तेवढाही सराव हवाच असतो.

पहिला मेसेज काय पाठवायचा यावर मी चार दिवस घालवले होते, म्हणून माझाच तुमच्यापुरता बदलून देते, हवा तर उचला : "नमस्कार. मी २६ वर्षांचा आहे, मराठीतून ऑनलाइन सेशन हवं आहे. स्वतःला सतत कमी समजतो, त्यामुळे कामावर आणि लोकांत बोलायला अडचण येते. तुमचं शिक्षण, नोंदणी, फी आणि फी कमी होण्याची सोय असल्यास कळवाल का? रविवारी सकाळी वेळ आहे." बस, एवढाच. तिघांना एकदम पाठवा. मला तिघांपैकी एकाचंच उत्तर आलं होतं आणि बाकी दोघांनी माझा मेसेज वाचून मला नापास केलं असं मी दोन दिवस धरून बसले होते. नंतर बाईंकडून कळलं की त्यांच्याकडेच असे वीस-पंचवीस मेसेज उघडायचे राहिलेले असतात.