पंप वाढवायचा, पण किती? डिझेल गाडीवाल्यांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी 2007 ची सहा सिलिंडरची टर्बो गाडी आहे. इंजिन 5.9 लिटर, 160 हॉर्सपॉवर, सिलिंडरला डिझेल मोजून देणारा पंप जुना मेकॅनिकल. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून कॉइल भरून नाशिकला जाते. कसारा घाटात हल्ली दुसऱ्या गिअरशिवाय चढत नाही. मिस्त्री म्हणतो, सील तोडून पंप वाढवून देतो, म्हणजे दर फवाऱ्याला डिझेल जास्त सोडतो, वीस टक्के ताकद वाढेल. करावं का?

उत्तर : तुमच्या प्रश्नातला 'हल्ली' हा शब्द आधी बघू. तोच माल घेऊन गाडी पूर्वी तिसऱ्यावर चढत होती का? होती, तर आधी हरवलेली ताकद शोधा, वाढवायचं नंतर.

सुरुवात फुकटच्या कामापासून. इंजिन बंद ठेवा, क्लिनरला ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगा आणि पंपाचा लिव्हर हाताने पुढे ढकला. तो आणखी सरकला तर लिंकेज, म्हणजे पेडल ते पंप ही जोडणी, ढिलं आहे, पंप पुरता उघडतच नाही. मग टर्बोपासून, म्हणजे इंजिनात दाबाने हवा भरणाऱ्या पंख्यापासून, ती हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरपर्यंतचा होज पाइप बघा. क्लिपखाली काळपट तेलाचा ओघळ दिसला की तिथून दाबाची हवा जाते आहे. एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदला. एवढ्यावर अर्ध्या गाड्या सुधारतात आणि पंपाला हात लावायची वेळ येत नाही.

तरीही फरक नसेल तर पंप उतरवून पंप रूममध्ये, म्हणजे पंप दुरुस्तीच्या दुकानात, तपासणीच्या बेंचवर लावा. हिशेब असा: 160 हॉर्सपॉवर म्हणजे साधारण 118 किलोवॅट. फुल लोडवर तेवढ्याला तासाला 30 लिटरच्या आसपास डिझेल लागतं. 2500 आरपीएमला सहा सिलिंडरमध्ये मिळून मिनिटाला 7500 फवारे होतात, म्हणजे एका फवाऱ्याला सुमारे 68 घन मिलिमीटर. बेंचच्या काचेच्या नळ्यांत 1000 स्ट्रोकला हेच 68 सीसी दिसलं पाहिजे. हा आकडा हिशेबासाठी आहे; सेटिंग तुमच्या पंपाच्या नंबरच्या चार्टप्रमाणेच करायचं. झिजलेले एलिमेंट, म्हणजे पंपातले डिझेल ढकलणारे प्लंजर, 58-60 वर आलेले असतात, तेही सहाही नळ्यांत सारखे नाहीत. ते चार्टवर आणले की घाट पूर्वीसारखा चढता येतो, आणि हे वाढवणं नाही, दुरुस्ती आहे.

त्यापुढे वाढवायचं म्हटलं तर दहा टक्क्यांच्या, म्हणजे सुमारे 75 सीसीच्या पुढे आम्ही जाऊ देणार नाही. कारण हवा. वरच्या आरपीएमला टर्बो भरपूर हवा देतो, एका किलो डिझेलमागे 25 किलो हवा सहज असते. घाटात आरपीएम 1200 वर घसरला की टर्बो मंदावतो, आणि तिथेही तेवढंच डिझेल ओतलं तर हवा 18 किलोच्या खाली जाते. त्यापुढचं डिझेल नीट जळत नाही, सायलेन्सरमधून काळा धूर होऊन निघतं. म्हणून पंपाच्या डोक्यावर एलडीए, म्हणजे डायफ्रामची डबी असते. टर्बोचा दाब येईपर्यंत ती डिझेल रोखून धरते. जास्तीत जास्त डिझेल ठरवणारा फुल लोड स्क्रू फिरवताना बरेच मिस्त्री ही डबीही मोकळी करून टाकतात. गाडी खालूनच 'उचल' घेते, मालक खूश होतो, आणि दोन पावसाळ्यांत पिस्टनचं डोकं उतरतं.

वाढवलंच तर पायरोमीटर, म्हणजे एक्झॉस्टचं तापमान दाखवणारं मीटर, लावा. त्याचा सेन्सर टर्बोच्या आधी, एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये हवा. टर्बोनंतर लावलात तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो आणि ड्रायव्हर निर्धास्त राहतो. काटा 700 अंशांवर गेला की पाय उचलायचा, गिअर खाली घ्यायचा.

आणि कायद्याचं. आरसीवर गाडीची हॉर्सपॉवर लिहिलेली असते. तिच्याशी न जुळणारा बदल 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमात बसत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर मालकाला अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय पीयूसीला तुमच्या गाडीएवढ्या जुन्या गाड्यांसाठी धुराच्या दाटपणाची मर्यादा 2.45 आहे. मोकळी केलेली डबी तिथे लपत नाही.

प्रश्न : उरणला कंटेनरचा ट्रेलर आहे, पंप मेकॅनिकल. टाकीजवळ मोठा इलेक्ट्रिक फीड पंप, म्हणजे टाकीतून मुख्य पंपाला डिझेल पोचवणारा, बसवला तर पिकअप वाढेल का?

उत्तर : नाही. किती डिझेल आत जायचं ते प्लंजर मोजतो. मागून जास्त ढकललं तर जादाचं रिटर्नच्या पाइपने टाकीत परत जातं. फीड पंप कमी पडत असेल तरच फरक दिसेल. ते बघायचं तर फिल्टरनंतर टी जोडून गेज लावा आणि भरल्या गाडीने पूल चढवा. चढावर काटा अर्ध्या बारच्याही खाली गेला तर फीड पंपाची जाळी, त्याचे व्हॉल्व्ह, टाकीतला सक्शन पाइप तपासा. फीड पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक पाइप टाकला तर एअर पकडते आहे की नाही ते डोळ्यांनी दिसतं. बुडबुडे आले तर बॅन्जोचे, म्हणजे पाइपच्या पोकळ बोल्टच्या जोडाचे, कॉपर वॉशर बदला. पावसाळ्यात तुमच्या भागात टाकीच्या झाकणातून पाणी जातं, ते वेगळंच. वॉटर सेपरेटर रोज सकाळी गाडी चालू करण्याआधी सोडायचा, रात्रभर पाणी तळाला बसलेलं असतं.

प्रश्न : भिवंडीत 2018 चा कॉमन रेल टेम्पो आहे, बीएस-4. ऑनलाइन एक 'पॉवर बॉक्स' घेतला, 25 टक्के ताकद वाढेल असं लिहिलं होतं. पंधरा दिवसांत इंजिनचा दिवा लागला, गाडी 40 च्या वर जात नाही. बॉक्स खराब की इंजिन?

उत्तर : बॉक्स आपलं काम करतो आहे, ते काम म्हणजे खोटं बोलणं. तो रेलच्या, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल देणाऱ्या दाबाच्या नळीच्या, प्रेशर सेन्सरच्या वायरमध्ये बसतो. रेलमध्ये 1500 बार असताना ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, 1350 सांगतो, आणि ईसीयू बिचारा दाब वाढवत नेतो. आता गंमत बघा. दाब दहा टक्के वाढला तर इंजेक्टरमधून डिझेल दहा टक्के वाढत नाही, जेमतेम पाच टक्के वाढतं, कारण प्रवाह दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो. 25 टक्के डिझेल हवं तर 1500 चा दाब 2300 च्या पुढे न्यावा लागेल. त्याच्या कितीतरी आधी रेलचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि गाडी लिम्प मोडमध्ये जाते, म्हणजे इंजिन वाचवायला ईसीयू ताकद तोडतो. तुमच्याकडे बहुधा हेच झालं आहे.

बॉक्स काढा, मूळ कनेक्टर जोडा, ईसीयूतले दोषाचे कोड खोडून घ्या. दिवा परत आला तर रिलीफ व्हॉल्व्हवर संशय घ्या. एकदा उघडलेला पुन्हा घट्ट बसेलच असं नाही. मग लीक-बॅक, म्हणजे इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल, बघा: चारही इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या बाटल्या लावून, इंजिन गरम असताना, आयडलवर चालवा. एक बाटली इतरांच्या दुप्पट भरली तर तो इंजेक्टर गेला. गरम इंजिन सकाळपेक्षा उशिरा चालू होणं ही त्याची पहिली खूण. नवा इंजेक्टर घातल्यावर त्याच्यावरचा कोड ईसीयूत भरून घ्या, नाहीतर गाडी थरथरते आणि दोष नव्या इंजेक्टरवर येतो.

लॅपटॉपने मॅप, म्हणजे ईसीयूतला डिझेल किती आणि कधी सोडायचं त्याचा तक्ता, बदलणारे या बॉक्सपेक्षा बरे, कारण ते धुराची मर्यादा आणि टायमिंगही हाताळू शकतात. पण क्लच प्लेट तीच, रेडिएटर तोच आणि कायदाही तोच.

प्रश्न : कुर्ल्यात माझं गॅरेज आहे. गिऱ्हाईक इंजेक्टरच्या टोकाला मोठ्या भोकाची नोजल मागतं. टाकू का?

उत्तर : भोक मोठं झालं की थेंब जाड होतो, थेंब जाड झाला की जळायला वेळ लागतो. त्याला जास्त दाब आणि सेट केलेलं टायमिंग लागतं. नुसती नोजल बदलून धूर मिळतो. मूळ मापाची अस्सल नोजल टाका आणि ती पंप रूममध्ये पॉप टेस्टला, म्हणजे किती दाबाला फवारा सुटतो त्या तपासणीला, लावून घ्या. जुन्या मेकॅनिकलमध्ये 200 ते 250 बारच्या दरम्यान, चार्टमध्ये असेल त्या दाबाला ती फुटली पाहिजे. मग टोक बोटाने पुसून पुन्हा हळू पंप करा. फुटायच्या आधीच टोकावर डिझेलचा थेंब जमला तर नोजल टपकते आहे. टपकणारी नोजल पिस्टनच्या डोक्याला एकाच जागी जाळते.

बसवताना जुना कॉपर वॉशर आत चिकटलेला नाही ना, हे बॅटरी मारून बघा. त्याच्यावर दुसरा बसला की टोक वर उचललं जातं, फवारा पिस्टनच्या वाटीत पडायचा तो कडेला पडतो. गाडी ठोके देते, आणि मिस्त्री दिवसभर टायमिंग फिरवत बसतो.

प्रश्न : बीएस-6 ट्रकची युरिया सिस्टीम आणि डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, बंद करून देणारे आहेत. ताकद वाढते म्हणतात.

उत्तर : करू नका. गाडी बेकायदा होते आणि पीयूसी, पासिंग दोन्हीकडे अडकते. युरियाचं, म्हणजे 32.5 टक्के द्रावणाचं, ताकदीशी काही देणंघेणं नाही. ते इंजिनच्या बाहेर, सायलेन्सरच्या वाटेवर काम करतं. चोंदलेला डीपीएफ मात्र ताकद खरंच खातो. सगळ्या फेऱ्या बंदर ते गोदाम अशा तुंबलेल्या रस्त्यावर असतील तर त्याची काजळी जाळायला लागणारं 550-600 अंशांचं तापमान टिकत नाही. दिवा लागला की गाडी मोकळ्या जागी उभी करून पार्क्ड रिजनरेशन, म्हणजे उभ्या गाडीत काजळी जाळणं, करा, मध्येच बंद करू नका.

प्रश्न : डिझेलमध्ये थोडं पेट्रोल किंवा रॉकेल टाकलं तर गाडी हलकी पळते का?

उत्तर : पळत नाही, आवाज बदलतो म्हणून तसं वाटतं. प्लंजरला आणि इंजेक्टरला वंगण डिझेलचंच असतं. ते पातळ केलं की कॉमन रेलचा हायप्रेशर पंप आतून खरवडतो आणि त्याचा लोखंडी चुरा सगळ्या इंजेक्टरमध्ये जातो. मग टाकीपासून रेलपर्यंत सगळं उतरवून धुवावं लागतं.