नाट्यसंगीत : वाचकांच्या दोन शंका

प्रश्न : मला संगीतकार जितेंद्र अभिषेकीबुवांची नाट्यपदे अतिशय प्रिय आहेत. ‘स्वयंवर’ची पदे मात्र लगेच नकोशी होतात. वडिलांच्या मते त्या पदांचे संगीतकार भास्करबुवा बखले यांच्यापुढे बाकी सगळे फिके. संगीतकाराची थोरवी ठरवायची तरी कशावर?

उत्तर : आवडीला पुरावा लागत नाही. थोरवीवर बोलायचे, तर आधी आपण नेमके कोणाला ऐकतो आहोत ते पाहायला हवे. ‘स्वयंवर’ म्हणजे आपल्या कानात बालगंधर्वांची ध्वनिमुद्रिका. 78 फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटांची. रंगभूमीवर हेच पद वन्समोअर घेत कितीतरी लांबे. नकोसे वाटते ते पद, गायकी की मुद्रणाची खरखर, हे वेगळे काढा. ‘नाथ हा माझा’ बालगंधर्वांचे ऐका, मग अलीकडच्या एखाद्या गायिकेचे. दोन्हींत जे कायम राहते, म्हणजे यमन रागातला मुखडा (पदाची सुरुवातीची ओळ) आणि त्याची वळणे, ते संगीतकाराचे. ताना, हरकती, आर्जव हे बहुतेक गाणाऱ्याचे.

मग संहिता हातात घ्या. पदाआधीची चार वाक्ये आणि नंतरची चार वाक्ये मोठ्याने वाचा. पद नाटकाला पुढे नेते की थांबवून ठेवते, ते लगेच कळते. पदाचे शब्दही चालीशिवाय बोलून पाहा. ऱ्हस्व अक्षर चालीत ताणले गेले, एखादा शब्द मधेच तुटला, तर तिथे खूण करा. 1916च्या ‘स्वयंवर’मध्ये अशा खुणा बऱ्याच होतील, कारण बहुतेक ठिकाणी बंदिश (रागातली तयार रचना) आधी होती आणि नाटककार खाडिलकरांनी तिच्या मापात शब्द बसवले. क्लिष्टतेचा तो दोष भास्करबुवांच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. कोणत्या प्रसंगाला कोणती बंदिश, ही त्यांची निवड, आणि तिथे त्यांचा हात धरणारा मला दिसत नाही.

अभिषेकीबुवांना वेगळे काम करायचे होते. ‘कट्यार काळजात घुसली’ (1967) मधले ‘घेई छंद मकरंद’ घ्या. नाटककार दारव्हेकरांचे शब्द तेच, चाली दोन. नाटकातले दोन प्रतिस्पर्धी गायक: पंडितजींच्या तोंडी धानी राग, खाँसाहेबांच्या तोंडी सालगवराळी. दोन्ही पाठोपाठ ऐका. पहिलीत ओळ संथपणे उलगडते. दुसरीत पदातला तोच भुंगा झेप घेतो, शब्द तानेवर स्वार होतात. घराण्यांचे वैर नाटकात संवादांनी सांगितले आहेच, पण ते कानाला पटते ते इथे. ही चाल बदलून पाहा, नाटक लंगडे होईल. संगीतकाराचे श्रेष्ठत्व मी तरी इथेच मोजतो. रागसंगीत म्हणून ‘स्वयंवर’ वरचढ, नाटकाचे संगीत म्हणून ‘कट्यार’. वडील आणि तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी मोजता आहात.

एक काम मात्र अवश्य करा. ‘स्वयंवर’ची पदे सुटी न ऐकता नाटकातल्या क्रमाने, संवाद वाचत ऐका. कंटाळ्याचे मोठे कारण पदांची सुटी माळ हेच असते. तरीही आवडले नाही, तर हरकत नाही.

प्रश्न : जुन्या पदांच्या चाली उसन्या असत, मग संगीतकाराला श्रेय कसले?

उत्तर : उसनेपणा तेव्हा लपवलेला नव्हता. जुन्या छापील संहितांत पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गाण्याची ओळखच दिलेली असे. ‘शाकुंतल’ (1880) मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी साकी, दिंडी, लावणी असे लोकप्रिय गीतप्रकार घेतले, कारण प्रेक्षकाच्या कानाला ते ओळखीचे होते. गोविंदराव टेंब्यांनी ‘मानापमान’ (1911) मध्ये ठुमरी-दादऱ्याचा नखरा आणला आणि मराठी रंगमंचाचा कानच बदलला. ‘एकच प्याला’च्या काही चाली गायिका सुंदराबाईंकडून आल्या, ‘कशि या त्यजू पदाला’ ऐकताना नायिका सिंधूचे दुःख त्या चालीत किती सहज मावते ते पाहा. नवी चाल बांधणे हे एक कसब, दुसऱ्याची चाल योग्य पात्राच्या गळ्यात घालणे हे दुसरे, आणि चुकीच्या पात्राच्या गळ्यात पडली की तीच चाल ओझे होते. म्हणून तुलना करताना एका काळातली दोन नाटके शेजारी ठेवा. 1911च्या नाटकाला 1967चे माप लावले, तर दोन्हीकडचे काही हाती लागत नाही.