कॉलेज सुटलं की प्रेस पण सुटतो

प्रश्न: मी सांगलीचा, वय 27. बीएफए (कलेची पदवी) झालंय, वुडकट (लाकडी ठोकळा कोरून) आणि एचिंग (धातूच्या पत्र्यावर ॲसिडने रेषा कोरून) अशी छापचित्रं करतो, सध्या पुरावर एक मालिका चालू आहे. कॉलेजात ती छापायचा प्रेस होता, आता नाही. दिवसा शाळेत चित्रकला शिकवतो, रात्री जमेल तसं काम. सरकारी मदत खरंच मिळते का, तीही वशिला नसताना?

उत्तर: मिळते. तुमच्या वयाला बसणारी म्हणजे केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप, 25 ते 40 वयासाठी, महिना 10,000 रुपये, दोन वर्षं, अर्ज दिल्लीच्या सीसीआरटी या केंद्र सरकारच्या सांस्कृतिक प्रशिक्षण संस्थेमार्फत. पण पैसे दर महिन्याला येत नाहीत, सहा-सहा महिन्यांचे हप्ते असतात आणि पुढच्या हप्त्याआधी कामाचा अहवाल द्यावा लागतो, त्यामुळे हिच्या भरवशावर आत्ताच शाळा सोडू नका प्लीज. ललित कला अकादमी या केंद्राच्या दृश्यकला संस्थेचीही तरुण चित्रकार-शिल्पकारांसाठी स्कॉलरशिप असते. जाहिराती ठरलेल्या तारखेला येतीलच असं नाही, म्हणून दोन्हींच्या साइट अधूनमधून बघत राहा.

वशिल्याच्या भीतीने अर्जच न भरणारे मी खूप बघितलेत, त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरी अडचण बहुतेक वेळा प्रपोजलमध्ये असते. "निसर्ग आणि मानवाच्या नात्याचा शोध" असं लिहिलं की वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. त्यापेक्षा सरळ लिहा की 2005 आणि 2019 च्या पुराचं पाणी ज्या घरांत, दुकानांत शिरलं तिथल्या भिंतींवरच्या खुणा मी मोजून, घासून कागदावर उतरवणार, घरातल्या माणसांशी बोलणार, त्यातून इतके ठोकळे कोरणार, पहिल्या सहा महिन्यांत एवढं, नंतर तेवढं. प्लायवूड, शाई, कागद, प्रवास, प्रेसचं भाडं, सगळ्याचा खर्च मांडा. सोबत कामाचे फोटो नीट द्या, दिवसाच्या उजेडात, काचेशिवाय, मोबाइलची सावली न पडता, आणि खाली माप, माध्यम, साल. एवढ्यासाठी एक रविवार गेला तरी चालेल.

आता प्रेसचं. वुडकट तुम्ही घरी छापू शकता, पातळ कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासून, वेळ लागतो पण ठसा छान येतो. एचिंगला मात्र प्रेसशिवाय इलाज नाही, कोरलेल्या रेषेतली शाई उचलायला ओल्या कागदावर रोलरचा दाब लागतोच, आणि असा प्रेस शाळेच्या पगारातून घेणं अवघडच. दिल्लीत ललित कला अकादमीचा गढी स्टुडिओ 1976 पासून आहे, ग्राफिक (म्हणजे छापचित्रं), शिल्प, सिरॅमिक सगळ्यासाठी सामायिक वर्कशॉप, कलाकार फी भरून तिथे काम करतात. चेन्नई, कोलकाता, लखनऊ, भुवनेश्वरलाही अकादमीची केंद्रं आहेत. पण सांगलीहून हे सगळंच लांब! माझं स्पष्ट मत आहे की एकेका कलाकाराला पैसे देण्याइतकंच, जिल्ह्याच्या गावी एक सार्वजनिक प्रेस, सिरॅमिकसाठी एक भट्टी, संध्याकाळी उघडी राहणारी जागा देणं गरजेचं आहे, एका प्रेसवर वीस-पंचवीस जण वर्षानुवर्षं काम करतील. आपल्या कलासंचालनालयाचं राज्य कला प्रदर्शन चांगलंच आहे, त्यात व्यावसायिक विभागात जरूर पाठवा, पण तिथे झालेल्या कामाला बक्षीस मिळतं, काम होण्यासाठी लागणारी जागा त्यातून मिळत नाही. तोवर जवळच्या कला महाविद्यालयाला लेखी विनंती करा की सुट्टीत भाड्याने प्रेस वापरू द्या, आणि हो म्हणाले तर ते पत्र प्रपोजलला जोडा.

प्रश्न: शाळांना छप्पर नाही तिथे चित्रकारांना करदात्यांचा पैसा का?

उत्तर: शाळेला छप्पर हवंच, त्यावर वाद नाही. पण फेलोशिपचे महिना 10,000 बंद केले म्हणून ते छप्पर होत नाही, आणि आपली मुलं शाळेत चित्रकला शिकतात ती अशाच कोणाकडून, वरचं पत्र वाचा. आयर्लंडने 2022 मध्ये 2,000 कलाकारांना आठवड्याला 325 युरो द्यायला सुरुवात केली, पात्र अर्जांतून चक्क चिठ्ठी काढून. पैसे मिळाल्यावर लोक निवांत बसले नाहीत, उलट स्वतःच्या कामाला जास्त तास देऊ लागले. चित्रकार आबालाल रहिमान यांच्या पाठीशी शाहू महाराज उभे होते हे कोल्हापूरकर आजही अभिमानाने सांगतात, आणि ते पैसेही संस्थानच्या तिजोरीतलेच होते.