आयरिश पारंपरिक संगीतात लोकांना एवढं काय आवडतं? मला तर सगळ्या ट्यून्स सारख्याच वाटतात. तुमचे आवडते कलाकार कोणते?

सारख्या वाटतात हे अगदी खरंय, पहिले सहा महिने मलाही तसंच वाटायचं. मी नोकरीसाठी चार वर्षं आयर्लंडच्या पश्चिमेला काउंटी क्लेअरमधे एनिस नावाच्या गावात होतो, आणि तिथे बुधवारी संध्याकाळी पबमधे सेशन असायचं तिकडे ऑफिसमधला एकजण मला घेऊन गेला. स्टेज नाही, माइक नाही, कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सहा-सात माणसं एकमेकांकडे तोंड करून बसलेली, म्हणजे आपल्याला दिसतात त्या त्यांच्या पाठी. कोणाच्या पुढ्यात गिनेस बिअर, कोणाच्या पुढ्यात नुसता चहा. एकजण सुरू करतो, बाकीच्यांना ट्यून ओळखीची असली की ते एकेक करून आत शिरतात, ज्याला येत नाही तो वाद्य मांडीवर ठेवून ऐकत बसतो. आपल्यासाठी कोणी वाजवतच नसतं, ते एकमेकांसाठी वाजवत असतात, आणि माझ्या मते या संगीताची सगळी गोडी इथूनच सुरू होते.

आता सारखेपणाबद्दल. बहुतेक ट्यून्सची बांधणी खरंच एकच आहे, आठ-आठ बारचे (बार म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन) दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे बत्तीस बार झाले की एक फेरी संपली, अर्ध्या-पाऊण मिनिटात. अशा दोन-तीन फेऱ्या आणि मग न थांबता पुढची ट्यून. ट्यून्सचे नाचावरून पडलेले प्रकार आहेत, रील असेल तर चारच्या अंगाने जाते, जिग सहाच्या, स्लिप जिग नवाच्या. घर सगळ्यांचं एकाच नकाशाचं असतं त्यामुळे बाहेरून फरक कळत नाही, फरक आतल्या बारीक कामात असतो. हे मला कळलं ते त्या सेशनमधल्या एका म्हाताऱ्या बासरीवाल्या आजोबांमुळे, आयुष्यभर गाई सांभाळलेला माणूस, त्यांनी मला टिन व्हिसल, म्हणजे पत्र्याची छोटी उभी बासरी, शिकवायचं कबूल केलं. मी वही-पेन घेऊन गेलो तर म्हणाले ते ठेव खाली. दोन बार वाजवायचे, थांबायचे, माझ्याकडे बघायचे. मी वाजवलं की पुढचे दोन. पुढच्या आठवड्यात तीच ट्यून त्यांनी वाजवली तर चौथ्या बारला भलतंच काहीतरी, मला वाटलं मीच चुकीचं पाठ केलंय. ते म्हणाले नाही, दोन्ही बरोबर, आज हात तिकडे गेला. आणि एक गोष्ट त्यांनी बोटं धरून दाखवली ती मी कधीच विसरणार नाही. व्हिसल डीची असते, म्हणजे डी हा सा धरला तर सी हा निषाद झाला, तर त्यांचा निषाद धड कोमल नव्हता आणि धड शुद्धही नव्हता, मधेच कुठेतरी, बोट भोकावरून अर्धवट उचलून काढलेला. पियानोवर तो सापडणारच नाही. मी लहानपणी हार्मोनियम शिकलोय, या लोकांच्या कितीतरी ट्यून्स सरळ खमाज नाहीतर काफीच्या सुरांत बसतात, त्यामुळे कानाला ओळख लगेच पटली, पण हार्मोनियमच्या पट्टीवर जे कधी मिळालं नव्हतं ते त्या एका सुरात मिळालं.

आवडत्यांत सगळ्यात वरती मार्टिन हेझ. फिडल वाजवतो (फिडल म्हणजे व्हायोलिनच, वाद्य तेच, वाजवायची रीत वेगळी). तो तिथलाच, पूर्व क्लेअरचा, वडील पी. जे. हेझ टला केली बँडचे फिडलर (केली म्हणजे तिथला नाचगाण्याचा मेळावा). बाकी लोक ज्या ट्यून्स नाचायच्या वेगात वाजवतात त्याच तो इतक्या सावकाश घेतो की प्रत्येक वळण वेगळं दिसायला लागतं, आणि मग हळूहळू वेग वाढवत नेतो. सोबतीला शिकागोचा गिटारिस्ट डेनिस कॅहिल, जो मोजून दोन-तीन सूर लावायचा आणि तेवढ्यातच सगळं उभं करायचा. २०२२ मधे तो गेला तेव्हा मला घरचं कोणी गेल्यासारखं झालं. या दोघांचा १९९९ चा सिएटलमधला लाइव्ह अल्बम आहे, त्यात एक सेट, म्हणजे न थांबता एकामागून एक वाजवलेल्या ट्यून्स, जवळजवळ अर्ध्या तासाचा आहे. आलाप, जोड, झाला ऐकलेल्या माणसाला तो समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा लिअम ओ'फ्लिन, इलन पाइप्सवाला. हे तोंडाने फुंकायचे बॅगपाइप नव्हेत, बसून वाजवायचे, काखेत भाता आणि कोपराने हवा भरायची, आयरिशमधे कोपराला इलिन म्हणतात त्यावरूनच नाव पडलं. सात वर्षं शिकायचं, सात वर्षं सराव, सात वर्षं वाजवायचं, मग माणूस पायपर होतो असं तिथे म्हणतात. १९७२ मधे क्रिस्टी मूर, डोनल लनी आणि अँडी अर्व्हाइन यांच्याबरोबर प्लँक्स्टी नावाचा बँड निघाला त्यात हा होता, आणि तिथल्या तरुण पोरांना आपल्या आजोबांचं संगीत आपलंसं वाटायला लागलं त्यात प्लँक्स्टीचा फार मोठा हात आहे. चीफटन्स हा बँड त्याच्याही आधीचा, १९६२ चा, तोही ऐकाच, पण माझं मन प्लँक्स्टीत जास्त रमतं.

गायकांत जो हीनी (Joe Heaney), शान-नोस गाणारा. शान-नोस म्हणजे जुनी पद्धत, साथीला काहीच नाही, नुसता आवाज आणि हरकती. भाषा कळत नाही तरी ऐका. हे गाणं पबमधे सुरू झालं की कोणीतरी व्हिश्ट म्हणतं, म्हणजे गप्प बसा, आणि ग्लास ठेवल्याचाही आवाज येत नाही. एकदा एक आजी गात होत्या, डोळे मिटलेले, तर शेजारी बसलेल्या माणसाने त्यांचा हात हातात घेतला आणि गाण्याच्या लयीत हळूहळू फिरवत राहिला, शेवटपर्यंत. शेवटचे दोन शब्द त्यांनी गायले नाहीत, नुसते बोलल्यासारखे म्हटले आणि डोळे उघडले.

तुम्ही सुरुवात मात्र हीनीपासून करू नका. आधी हेझची एकच जिग घ्या आणि तीच आठवडाभर ऐका, दुसरी लावू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी पहिली फेरी आणि तिसरी फेरी वेगळी ऐकू यायला लागेल, तेव्हा इथे येऊन नक्की सांगा.